अकरा हात आणि माझा माउंट

कसबा पेठेत फ्रेम करून देणारे बरेच आहेत. पण फ्रेम करावी ती महिपतीनंच, म्हणजे मीच, असं मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो. कुणी विचारलं नाही तरी सांगत आलो. घाई असेल तर पलीकडच्या दुकानात जा, तो वाईट काम लवकर करतो, असंही म्हणायचो. हल्ली म्हणत नाही. हल्ली दारात कुणाची सावली पडली तरी माझ्या छातीत धस्स होतं. हे उत्कर्षाच्या एका चित्रापायी झालं. चित्रापायी कसलं, माझ्यापायी झालं.

उत्कर्षा म्हणजे वाघोलीच्या धम्मदीप वाघमाऱ्यांची मुलगी. वाघमारे पोस्टात होते. घर बांधलं तेव्हा बाबासाहेबांचा मोठा फोटो फ्रेम करायला ते माझ्याकडे आले, सोबत ही आठ-नऊ वर्षांची. बाप भाव करत होता आणि ही फ्रेमच्या पट्ट्यांच्या नमुन्यांसमोर उभी राहून मला म्हणाली, "काका, सोनेरी नको. सोनेरीत फोटो बारीक दिसेल." मी चिडलो. मग काळी पट्टी लावली, कारण कारटी बरोबर बोलत होती.

पुढे ती चित्रकला शिकली, एका शाळेत चित्रकलेची बाई झाली, आणि शाळा सांभाळून स्वतःची चित्रं काढत राहिली. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही. पुण्यात तो प्रश्न विचारायला माणसं कमी नाहीत. तिची चित्रं फारशी विकली जात नसत. तरी वर्षाकाठी चार-पाच घेऊन यायची, माझ्याच स्टुलावर बसायची आणि माझ्याशीच वाद घालायची. मला मूलबाळ नाही. एवढंच सांगतो, बाकी तुम्ही समजून घ्या.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर तिला मांजरीकडच्या एका संस्थेनं बोलावलं. संस्थेचं नाव सांगणार नाही. नवऱ्याच्या मारातून पळून आलेल्या बायकांना मुलाबाळांसकट तिथं आसरा मिळतो. उत्कर्षानं तीन महिने तिथं राहायचं, बायकांना रंग हातात धरायला शिकवायचं, स्वतःची चित्रं काढायची आणि प्रदर्शनात जी विकली जातील त्यांचे पैसे संस्थेला द्यायचे. याला रेसिडेन्सी म्हणतात म्हणे. आमच्याकडे याला फुकट राबणं म्हणतात, असं मी म्हणालो.

"जेवण चांगलं असतं, काका," ती म्हणाली, आणि शाळेतून बिनपगारी रजा घेऊन गेली.

संस्थेची अट एकच होती. कुणाचा चेहरा काढायचा नाही. म्हणून तिनं हात काढले. अकरा बायकांचे अकरा हात, कागदावर, जलरंगात. भाकरी थापणारा, पोरीची वेणी घालणारा, नुसताच मांडीवर पडलेला. फेब्रुवारीत तिनं ते माझ्या टेबलावर मांडले आणि मी, ज्यानं आजवर तिच्या तोंडावर तिचं कौतुक केलं नव्हतं, तो चष्मा पुसत बसलो.

सातव्या चित्रात एक हात उसाच्या रोपांवर पाणी शिंपडत होता. अंगठा मोडून वाकडा बसलेला. आणि मनगटाच्या वर, कागदाच्या अगदी खालच्या कडेला, गोंदण. लग्नात नवऱ्याचं नाव गोंदवून घेतात, तसलं. हिरवट अक्षरांत 'बद्रीनाथ', शेजारी छोटा विंचू. कातडीखाली शाई कशी पसरते, ते तिनं हुबेहूब उतरवलं होतं.

"याचा माउंट खालून तीन इंच घ्या," उत्कर्षा म्हणाली. "गोंदण पूर्ण झाकलं पाहिजे."

माउंट म्हणजे चित्र आणि फ्रेम यांच्यामधला पांढऱ्या पुठ्ठ्याचा काठ. तो सगळ्या बाजूंनी सारखा ठेवायचा, खाली जरासा जास्त, असा आमच्या धंद्याचा नेम आहे. अकरा चित्रं ओळीनं लागणार आणि मधल्या एकाचा काठ खाली बेढब, हे माझ्यानं बघवेना. "झाकायचंच होतं तर काढलंस कशाला?" मी विचारलं. "काढून झाल्यावर ती बाई नको म्हणाली. जलरंग पुसता येत नाही, आणि कापायला माझा हात धजला नाही," ती म्हणाली. शाळेची परीक्षा तोंडावर होती, ती घाईत निघून गेली.

मी काय केलं असेल? चाळीस वर्षांचा अनुभव ना माझा. मी सगळ्यांना एकसारखा माउंट घातला. म्हटलं, टांगल्यावर बघेल आणि म्हणेल, काका, तुमचंच बरोबर. असल्या शहाणपणानं माणसं मारली जातात, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

फ्रेमा मीच टेम्पोतून प्रदर्शनाच्या हॉलवर पोचवल्या, तिथल्या माणसांनी टांगल्या. उत्कर्षा शाळेतले पेपर तपासून संध्याकाळी थेट उद्घाटनालाच आली. हार, भाषणं, फोटो सगळं झाल्यावर ती ओळीनं बघत सातव्या चित्रापाशी पोचली आणि तिथंच थांबली. मी कौतुकाची वाट बघत उभा. तिनं चित्र भिंतीवरून उतरवलं, पाठमोरं करून जमिनीवर ठेवलं.

"काका, हिचा नवरा हिला शोधतोय. दोन वर्षं. सापडली तर जिवंत ठेवणार नाही, असं गावभर सांगून ठेवलंय त्यानं."

तिनं मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी तुम्हाला कारण सांगायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. उद्घाटनाचे पाहुणे, त्यांच्या खांद्यामागे सातवं चित्र. अक्षरं वाचता येत होती. मी भिंग लावून पाहिली, आणि मग उगाच आशेनं भिंगाशिवाय पाहिली. तशीही वाचता येत होती.

चौथ्या दिवशी तो माझ्या दुकानात आला. हॉलवर त्यानं चौकशी केली, तिथल्या माणसानं भाबडेपणानं माझा पत्ता दिला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, चपला बाहेर काढून आत आलेला. मी गुंड येईल असं समजत होतो. याचं वागणं माझ्या गिऱ्हाइकांपेक्षा बरं होतं.

"ती हाताची चित्रं तुमीच फ्रेम केली न्हवं? लई झ्याक काम हाय. कुठं काढली वो ती?"

"मला काय ठाऊक. लोक चित्र आणतात, मी चौकट ठोकतो."

"आन् काढणाऱ्या बाई कुठं ऱ्हातात?"

"तेही ठाऊक नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि माझ्याकडं बघून हसला. मी हातातली पट्टी उगाच दुसऱ्यांदा मोजायला घेतली होती आणि ते त्याला दिसत होतं.

संस्थेनं त्याच आठवड्यात त्या बाईला मुलीसकट दुसरीकडं हलवलं. मुलगी सहावीत होती. चांगली रुळलेली, चित्रं काढायला लागलेली. परीक्षेला चार दिवस असताना तिला दप्तरासकट उचलून न्यावं लागलं. कुठं नेलं ते उत्कर्षालाही सांगितलं नाही, मला तर नाहीच. ते योग्यच केलं.

ठरलेली प्रदर्शनं मात्र रद्द करता येईनात, संस्थेचं नवं छप्पर त्यांच्यावर अवलंबून होतं. एप्रिलमध्ये कोल्हापूर, मेमध्ये नाशिक. दोन्हीकडं दहाच चित्रं लावली. उत्कर्षाची चित्रं पहिल्यांदाच विकली गेली, पेपरात तिच्याबद्दल छापून आलं, वाघमाऱ्यांनी कात्रणं जपून ठेवली. आणि ती मात्र दिवसभर दाराशी खुर्ची टाकून, आत येणाऱ्या प्रत्येक पुरुषाचं तोंड न्याहाळत बसायची. मी सोबतीला जायचो. कोल्हापुरात दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला म्हणून वीस मिनिटं बाहेर पडलो. परत आलो तर अभिप्रायाच्या वहीत सुबक अक्षरांत लिहिलं होतं: 'चित्रे छान. पुण्यात अकरा होती. बद्रीनाथ.'

नाशिकला वहीच ठेवली नाही.

जूनमध्ये एका शनिवारी तो परत माझ्या दुकानात आला. पिशवीतून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. लग्नातला, बाईचा एकटीचा कापून घेतलेला. मुंडावळ्या, नाकात नथ, विशीचीसुद्धा नसेल. मी तिचा फक्त हात ओळखत होतो. चेहरा तेव्हा पाहिला.

"हे फ्रेम करायचं. वर दोन खिळं ठेवा, हार घालाया."

हाराची फ्रेम कुणाची करतात ते सगळ्यांना माहीत आहे. तरी सवयीनं विचारून गेलो, "कधी वारल्या?"

"अजून न्हाई," तो म्हणाला.

मी चौकीत अर्ज दिला. त्यांनी घेतला, त्याला बोलावून समजही दिली. पण फ्रेम करायला टाकणं आणि दुकानात बसणं हा काही गुन्हा नाही. पुढच्या शनिवारी तो आला. मी म्हणालो, "जित्या माणसाची हाराची फ्रेम मी करत नाही. फोटो घेऊन जा."

"मंग थांबतो की," तो म्हणाला आणि स्टुलावर बसला.

तेव्हापासून दर शनिवारी तो येतो. दुपारी चारला येतो, सहाला जातो. फार बोलत नाही. कधी पट्ट्यांचे नमुने बघतो, कधी विचारतो, "त्या बाईंचं नवं प्रदर्शन कुठं हाय?" मी म्हणतो ठाऊक नाही, आणि आता ते खरंच ठाऊक नसतं, कारण उत्कर्षानं माझ्याकडं यायचं बंद केलंय. मीच बंद करायला लावलं. फोनवर ती विचारते, "काका, त्याला हाकलत का नाही?"

हाकलता येईल. आळीतली चार पोरं बोलावली तर पाच मिनिटांचं काम. पण मी त्याला चहा सांगतो. बिस्किटं सांगतो. मॅच असली तर रेडिओ लावतो, म्हणजे अर्धा तास आणखी बसेल. जोवर तो इथं बसलाय तोवर तो तिथं नाही, एवढंच मला समजतं. भीती वाटते, काच कापताना दोनदा बोट कापलं. तरी शुक्रवारी मी मनातल्या मनात म्हणतो, ये बाबा उद्या.

मागच्या शनिवारी तो आला नाही. मी साडेचारला चहा सांगितला, निवला, परत सांगितला. सहाला उत्कर्षाला फोन केला. ती संस्थेत फोन लावते म्हणाली. ती बाई ठीक आहे की नाही, ते अजून कुणी सांगितलेलं नाही. या शनिवारीही तो आलेला नाही.