हळू धावायचा दिवस

राज्य नवीन झालं तेव्हा रायपुरात ज्याला त्याला मोठं व्हायची घाई सुटली. काल जो बाबू होता तो आज साहेब. आमच्या रेल्वे कॉलनीतले एक काका, उभ्या जन्मात कॅरम सोडून काही खेळले नव्हते, ते धावण्याच्या राज्य संघाच्या निवड समितीवर जाऊन बसले. गळ्यात शिट्टी घालूनच ते गोल बाजारात स्टीलचे डबे घ्यायला जात. उंटावरून शेळ्या हाकणारे खूप पाहिले, पण यांनी उंटसुद्धा पाहिला नव्हता.

मी शंभर मीटर धावायची. आधी संघ भोपाळला ठरायचा, तिथे आम्हाला कुत्रं विचारत नव्हतं. आता पहिल्यांदा आपल्या राज्याचा संघ निघणार होता अन् मला त्यात जायचं होतं. दुसरं काहीच नको होतं.

आमचे सर शाळेत पीटी शिकवत. त्यांचा नियम असा की एक दिवस जीव तोडून धावायचं, दुसऱ्या दिवशी हळू. हळू म्हणजे गवतावर शंभर-शंभर मीटरच्या खेपा, पाऊण वेगाने, मधे चालत. धावताना बाजूच्या मुलीशी बोलता आलं पाहिजे. मग पुश-अप, पोटाचे, पाठीचे व्यायाम, एका पायावरच्या बैठका, लागोपाठ. त्यानं कालचा थकवा उतरतो अन् पाय उद्यासाठी तयार होतो. हळूच्या दिवशी कोणी जोर दाखवला की सर तिला मैदानाबाहेर बसवत.

काका मैदानावर आले ते नेमके अशाच एका हळूच्या दिवशी. सर परीक्षेच्या ड्यूटीवर अडकले होते. काकांना घेऊन आले माझेच बाबा. कॉलनीतला माणूस निवड करणार, म्हणून त्यांची छाती फुगलेली.

"काहून वं पोट्टे, धावून राहिली का वरातीत चालून राहिली?" काका पायरीवर बसून म्हणाले. पुश-अप पाहून तर हसलेच. "हे पहेलवानाचं काम हाय. असी राखतेत राज्याची इज्जत?"

मी सांगितलं, "काका, आज आरामाचा दिवस आहे. काल पूर्ण जोरात धावलो, मांडी आखडली आहे. उद्या या, पाहिजे तसं धावून दाखवते."

उद्या त्यांना वेळ नव्हता. उद्या त्यांचा सत्कार होता.

"चॅम्पियनले आराम नसते. आत्ता दाखव, नाही तर नाव कसं देऊ तुयं?"

बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दाखव ना एक बार. त्यायचं मन राहील."

धावले. अर्ध्याच्या पुढे मांडीच्या मागे चाबूक बसल्यासारखं झालं अन् मी गवतावर आडवी झाले. काका टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, शर्यत संपली. देव त्यांचं भलं करो, माझ्याच्यानं तर होत नाही.

संघ माझ्याविना गेला. पेपरात संघाच्या फोटोत मधोमध काका, अंगात ट्रॅकसूट, त्यातून पोट बाहेर. परत आल्यावर ते पपई घेऊन आमच्या घरी आले. माझा पाय उशीवर होता. आईनं दिलेला चहा बशीत ओतत ते म्हणाले, "वहिनी, पोट्टीचा दोष नाही. तिच्या सरनं तिले आराम द्याले पाहिजे होता."

बाबांनी मान डोलावली. पाय बरा झाल्यावर त्यांनी मला सरांकडे परत पाठवलं नाही.