टू-स्ट्रोकवाल्या वहिनी

माझ्या थोरल्या जावेच्या नखांत कायम ऑइलची काळी कड असे, अगदी हळदीकुंकवालाही. मी ठेवणीतली साडी नेसून, सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसायचे. वहिनी आल्या की बायका त्यांच्याभोवती गोळा व्हायच्या. कुणाची स्कूटर धूर फार सोडते, कुणाची चढावर दम टाकते. वहिनी हातातलं वाण बाजूला ठेवून विचारत, "पेट्रोलमध्ये ऑइल किती घालतेस?" माझ्या साडीकडे मग कोण बघणार?

त्यांच्या वडिलांचं चिपळूणला गॅरेज होतं, तिथंच त्या वाढल्या. गिरगावातून आम्ही दोन्ही कुटुंबं लांब उपनगरात, जेसल पार्कला आलो, समोरासमोर फ्लॅट घेतले. सोसायटीत बिनगिअरच्या नव्या फोर-स्ट्रोक गाड्या येऊ लागल्या तरी वहिनींनी जुनी टू-स्ट्रोक स्कूटर काढून टाकली नाही. "इंजिनच्या एका चकरेत एक धक्का मिळतो," त्या म्हणायच्या. "फोर-स्ट्रोकला तेवढ्यासाठी दोन चकरा माराव्या लागतात."

हेही मी चालवून घेतलं असतं. पण माझी रेवा शाळेतून आली की दप्तर टाकून थेट समोर पळायची. वहिनींना स्वतःचे दोन मुलगे होते. त्यांना स्कूटरचं काही कौतुक नव्हतं, म्हणून काय माझी मुलगी घ्यायची?

एकदा दारातून पाहिलं, तर वहिनी स्टीलच्या पेल्यात मूठ घालून बसल्या होत्या. "मूठ म्हणजे पिस्टन. वर जातोय तेव्हा डोक्यावरचं पेट्रोल आणि हवा दाबतोय. त्याच वेळी त्याच्या खाली पोकळी होते, तिथं नवीन पेट्रोल-हवा ओढली जाते. मग?"

"ठिणगी," रेवा म्हणाली.

"आणि पिस्टन धाडकन खाली. हीच आपली ताकद. खाली येताना बाजूचं भोक उघडतं, धूर बाहेर पडतो आणि खाली साठलेलं ताजं पेट्रोल वर चढतं. एक काम चालू असताना पुढच्याची तयारी."

पाढे शिकवताना रेवा माझ्याकडे कधी अशी बघत बसली नव्हती.

एका रविवारी आम्ही तिघी स्कूटरवरून घोडबंदरच्या किल्ल्याला निघालो. काशीगावच्या पुढे गाडी बंद पडली. वहिनींनी प्लग काढला. तो तेलानं काळा झाला होता. त्यांनी तो रेवाच्या हातात दिला. तिनं पॉलिश पेपरनं घासला, पुसला, स्वतः बसवला. वहिनींनी तो घट्ट केला आणि किक मारली. गाडी सुरू झाली तशी रेवानं आनंदानं वर पाहिलं. वहिनींकडे. मी शेजारी पर्स धरून उभी होते.

आठवडाभर ते डोळ्यांपुढून हलेना. शेवटी रेवा शाळेत असताना मी वहिनींकडे गेले. "वहिनी, मलाही सांगा ना ते इंजिनचं."

त्यांना नवल वाटलं नाही. पेला घेऊन त्यांनी पहिल्यापासून समजावलं. थोडं ताजं पेट्रोल न जळताच धुराबरोबर निसटतं, म्हणून ही गाडी पेट्रोल जास्त पिते, हेसुद्धा. रागवावं असं त्यांच्यात काहीच सापडत नव्हतं, याचाच मला जास्त राग यायचा.

संध्याकाळी मी रेवाला ते सगळं म्हणून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं. "बरोबर आहे आई," ती म्हणाली. "पण काकू असं नाही सांगत."

पुढे भाऊजींची नाशिकला बदली झाली. जाण्याआधी वहिनींनी स्कूटर विकली. रेवा दोन दिवस जेवली नाही आणि मला मनातल्या मनात बरं वाटत होतं. अंतर पडलं की विसरेल, असं वाटलं होतं.

काही वर्षांनी रेवाच्या इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचा दिवस होता. ती वडिलांबरोबर गेली होती, मी घरी. दुपारी फोन वाजला. वहिनी होत्या. "अगं, मेकॅनिकल मिळालं पोरीला! आत्ताच तिचा फोन आला. तुला सांगितलंच असेल."

"हो," मी म्हणाले. "मला मघाशीच कळलं."

फोन ठेवला आणि तिथंच स्टुलावर बसून राहिले. बऱ्याच वेळानं रेवाचा फोन आला. तिनं बातमी सांगितली. मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ओरडले आणि म्हणाले, "आता काकूला लगेच कळव हं."