कोणीतरी म्हणतंय

आमच्या मास्तरांना कामगारांच्या मुलाबाळांची नावंसुद्धा पाठ होती. फक्त कल्पना कोणाची, हे सांगायची वेळ आली की त्यांना नेमका विसर पडायचा. भिवंडीतल्या आमच्या लूमच्या शेडचे ते प्रमुख. कोणी काही सुचवलं की शिफ्ट बदलताना सगळ्यांपुढे सांगायचे, "कोणीतरी म्हणतंय..." म्हणतोय नाही, म्हणतेय नाही. बाई की बाप्या, जुना की नवा, काही पत्ता लागायचा नाही.

मग ती कल्पना एक शिफ्ट चालवून बघायची. सूत तुटलं की लूमच्या चौकटीवर खडूची एक रेघ. रेघा कमी झाल्या तर कल्पना खरी. "खडूला डिप्लोमा वाचता येत न्हाय," असं ते मला ऐकवायचे. डिप्लोमावाला तिथे मी एकटाच, आणि ते मी कोणाला विसरू देत नसे.

पंचाहत्तरच्या आसपासच्या उन्हाळ्यात दारालगतच्या चार लूमवर सूत सारखं तुटू लागलं. सोमवारपर्यंत सुधारलं नाही तर ते लूम बंद, असं मालकांनी बजावलं. म्हणजे दोन विणकर घरी बसणार. मी मास्तरांना एकटं गाठून सुताचा ताण ढिला करायला सुचवलं.

गुरुवारी मास्तर म्हणाले, "कोणीतरी म्हणतंय, ताण ढिला करा. आणि कोणीतरी म्हणतंय, दाराला ओलं गोणपाट बांधा."

मी मोठ्याने हसलो. "हे कुठल्या अडाण्याचं डोकं?" धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरणारी खारबावची बारकीबाई मान खाली घालून कांडी भरत राहिली.

शुक्रवारी ढिल्या ताणावर रेघांनी चौकट पांढरी झाली. शनिवारी ओल्या गोणपाटामागे जेमतेम नऊ. दारातल्या कोरड्या वाऱ्याने सूत कडक होत होतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, बारकीबाईने बोटांनी ओळखलं होतं. विणकरांचं काम राहिलं. कल्पना जिंकली की ती सुचवणाऱ्याचं नाव मात्र मास्तर खणखणीत घ्यायचे. त्या शनिवारीही म्हणाले, "बारकीबाई म्हणाली व्हती." हरलेली कल्पना 'कोणीतरी'चीच राहायची. माझीही राहिली.

चार वर्षांनी मास्तर काम सोडून पडघ्याजवळच्या गावी निघाले. निरोपाच्या चहाला मला राहवेना. म्हणालो, "ताण ढिला करा म्हणणारा मीच होतो. बारकीबाई, तुम्हाला अडाणी म्हणालो, त्याची अजून लाज वाटते."

आयुष्यात पहिल्यांदाच मी तिला अहोजाहो केलं होतं. तिने बशी खाली ठेवली.

"सायब, हसलात तवाच समजलं, ताण ढिला करा म्हणणारं कोणीतरी तुमीच."

"मग चार वर्षं बोलला का नाहीत?"

"मास्तरनी नाव घेतलं नव्हतं," ती म्हणाली. "मी कशाला घेऊ?"