धुक्यातला हिरवा ठिपका

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, वाशिम जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही मी याच जिल्ह्यात, जहाजाचं रडार लावलेल्या नावेत बसून, आरोपी पकडला आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. डोळे मिटले की ती सकाळ अजूनही पांढरीशुभ्र माझ्यासमोर उभी राहते.

मी तेव्हा कारंजा तालुक्यात ठाणेदार होतो. हिवाळ्यात, सकाळची हजेरी चालू असताना, धरणावरच्या मच्छीमार संस्थेचा चौकीदार ठाण्यात आला. संस्थेची पत्र्याची नाव आठवड्यापूर्वी चोरीला गेली होती आणि शोधूनही सापडली नव्हती. चोरही त्याने सोबतच सांगून टाकला.

"कप्तान, सायेब! त्याच्या नावेवर मशीन गरगर फिरून राह्यली. अंधारात बी दिसते म्हंते त्याले. दुसरा कोन नेईन?"

कप्तान म्हणजे गावातला निवृत्त खलाशी. मालवाहू जहाजांवर आयुष्य काढून परतताना त्याने भंगारातलं जुनं रडार आणलं आणि धरणातल्या आपल्या छोट्या नावेवर चढवलं. कशाला, असं विचारलं तर तोच विचारायचा, "तुमी घरी टीव्ही कायले ठेवता?"

चौकीदाराचा जबाब मी नीट घेतला. सुरुवातीपासून विचारलं, शेवटून विचारलं, मध्येच जेवणाचं विचारलं. उत्तर एकच: "त्या सांजीले नाव खुट्याले बांधली, भाकर खाल्ली, झोपलो, सकाळी पायतो तं नाव गायब." एक शब्द हलला नाही.

"पक्का साक्षीदार आहे, साहेब," हवालदार म्हणाला. मीही मान डोलावली आणि कप्तानाची नाव, रडार आणि खुद्द कप्तान ताब्यात घ्यायला पंच घेऊन धरणावर गेलो.

कप्तान हात जोडणाऱ्यातला नव्हता. छाती काढून म्हणाला, "न्या मले. पन एक धुकं पडू द्या, साहेब. आठवडा झाला, धुकं पडलं का त्या बुडीत बाभळींजवळ एक ठिपका फिरते. तीच नाव असंन."

"काका, तुमच्या डब्ब्यात तं ठिपकेच ठिपके आहेत!" हवालदार हसला.

खरंच होते. यंत्र म्हातारं झालं होतं. वरचा फिरता भाग अडखळत होता, पडदा मध्येच विझत होता. तरी मी एक सकाळ दिली. कप्तानाने तारांच्या टोकांवर चढलेला हिरवा गंज पॉलिश पेपरने घासला, तो भाग फिरवणारा सैल पट्टा काढला आणि बायकोच्या शिलाई मशीनचा पट्टा आणून चढवला.

"अवो, आता फाटके कपडे जेलातच शिवान काय?" काकू काठावरून ओरडल्या.

दुसऱ्या पहाटे धुकं उतरलं. पाणी, आभाळ, काठ, सगळं एकाच दुधात विरघळलं. आम्ही कुठे तरंगतो आहोत तेच कळेना. त्या पांढऱ्या झोपेत फक्त पडद्यावरची हिरवी रेघ जागी होती, सावकाश फिरत होती. आणि दोन ठिपके.

"बिघाड आहे," हवालदार कुजबुजला.

कप्तानाने नाव हळूच वळवली. "पाहा आता. नावेसंगं सरकला, तं तो ठिपका पान्यातला. जागीच चिकटून राह्यला, तं तो मशीनचा खोटेपना."

एक ठिपका चिकटून राहिला. दुसरा पडद्यावर अलगद सरकला. मग कप्तानाने इंजीन बंद केलं. आम्ही थांबलो, ठिपका चालतच राहिला.

"झाड चालत नाय, साहेब."

मला एकदम चौकीदाराचा जबाब आठवला. कुठल्याही बाजूने वळवा, जागचा न हलणारा! खऱ्या माणसाला उलटं विचारलं की त्याची आठवण सरकते. तो चुकतो, थांबतो, "नाही नाही, आधी कंदील लावला" म्हणतो. घोकलेलं मात्र चिकटून बसतं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी प्रत्येक जबाब असाच वळवून पाहिला.

आम्ही वल्ही मारत ठिपक्याकडे सरकलो. धुक्याचा पडदा फाटला आणि समोर पत्र्याची नाव आली. नावेत संस्थेची जाळी आणि माशांचा ढीग. दिवसा नाव बाभळींत लपवायची, धुक्यात मासे काढून परस्पर विकायचे, असा धंदा. ढिगामागे साक्षात आमचा पक्का साक्षीदार. कप्तानाने वल्ह्याने ती नाव जवळ ओढली.

आधी चौकीदारच बोलला, आणि तेही आम्हीच त्याला फसवल्यासारखा रागावून:

"असं कसं सायेब? मले तं माहाच हात दिसून नाय राह्यला!"