रॅमचा सगळ्यात मोठा आकडा

मी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो, पण कॉम्प्युटर आतून कसा असतो हे कधी पाहिलं नव्हतं. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीन आम्हाला उघडू देत नसत. हे मी घरी कुणाला बोललो नव्हतो. आमच्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मला सगळं येतं असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, आणि मीही ते तसंच राहू दिलं.

मामेभाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणतो. उमापूरच्या पुढं मामाच्या वस्तीवर राहून तो मेंढ्या राखायचा. उमापूरच्या कॅफेत जाऊन कॉम्प्युटरवर गेम मात्र असा खेळायचा की पुण्याच्या एका टीमनं त्याला ऑनलाइन चाचणीला बोलावलं. निवड झाली तर ते त्याला राहायला जागा देऊन खेळायलाच ठेवणार होते. नाही झाली तर दिवाळीनंतर मामाच्या कळपामागं गावोगाव निघायचं, हे मामानं आधीच बजावलं होतं. दादानं आपल्या वाट्याच्या मेंढ्या विकल्या आणि तगडा कॉम्प्युटर जुळवायला मला बीडला सोबत नेलं.

बाकीचं सामान दुकानदारानंच काढून दिलं. रॅमवर येऊन तो थांबला. बावन्नशे, सहा हजार आणि बहात्तरशे, असे वेगाचे आकडे लिहिलेली पाकिटं त्यानं काउंटरवर मांडली. एका पाकिटात रॅमच्या दोन पट्ट्या, म्हणजे स्टिक.

"कोणत्या स्पीडची देऊ? तुमी तर त्यातलेच की."

मी काय शिकतो ते दादानं त्याला आधीच सांगितलं होतं. आता दादा माझ्याकडं बघत होता. मला काहीच कळत नव्हतं. मी सगळ्यात मोठ्या आकड्यावर बोट ठेवलं. "ही. दोन पाकिटं द्या."

दादानं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "चारी कशाला? चौघींची चाल एकच हाय का बे? आपल्या कळपात एक लंगडली की सगळ्या थांबत्यात."

"दादा, ह्या काय मेंढ्या हायत का?"

दुकानदार हसला. दादाही हसला. "बरं, इंजिनेर साहेब." त्याचं ते हसणं मला अजून आठवतं.

वस्तीवर एक व्हिडिओ बघत बघत मी रॅम पूर्ण वेगावर लावली. पडद्यावर बहात्तरशे दिसल्यावर दादानं मामाला हाक मारून बोलावलं. मामानं वाकून पाहिलं. "लई भारी. दूध किती देतंय?"

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी स्क्रीन दोनदा निळी होऊन सगळं बंद पडलं. मी मोबाइलवर शोधलं. कितीतरी जणांनी तेच लिहिलं होतं: चार स्टिक मिळून एवढ्या वेगावर टिकत नाहीत, वेग खाली आणा. दोन मिनिटांचं काम होतं. पण आकडा कमी दिसला की तो का कमी केला म्हणून दादा विचारणार, आणि मग दुकानात मला काही माहीत नव्हतं हेही सांगावं लागणार.

"काय झालं बे?" त्यानं विचारलंच.

"अपडेट चालू हाय. व्हईल नीट."

दुसऱ्या दिवशी चाचणीच्या तिसऱ्या फेरीत, तो चांगला पुढं असताना, स्क्रीन निळी झाली. परत चालू होईपर्यंत फेरी संपली होती. तिकडून 'कळवतो' एवढाच मेसेज आला. त्यांनी कळवलं नाही.

आठवड्यानं, दादा रानात गेला असताना, मी वेग बावन्नशेवर आणला. तासभर गेम चालवून पाहिला. एकदाही अडकला नाही. संध्याकाळी तो आला तेव्हा मी सगळं सांगितलं. दुकानातलं, चाचणीच्या आदल्या दिवशीचं, सगळं.

तो काठीची साल नखानं काढत बसला.

"बावन्नशेवर गेम चालला असता का?"

"हां. फरक कळलाही नसता."

"मंग तवाच सांगायचं व्हतं. मला कुठं आकड्याशी खेळायचं व्हतं?"

दिवाळीनंतर तो कळपामागं गेला. जाताना म्हणाला, "मशीन तू घेऊन जा. तुला कामाला यील." आता ते माझ्या खोलीवर आहे. मी त्यावर कॉलेजचे प्रोग्राम लिहितो. ते अजून एकदाही बंद पडलेलं नाही.