पश्चिमेला कपाट आहे

आमच्या घरात भांडणं फार वेळ चालत नसत, अबोला चालायचा. भांडण पाच मिनिटांत आटपायचं आणि अबोला महिनाभर पुरायचा. नियम ठरलेले होते. जो आधी बोलेल तो हरला. भाजी अळणी झाली तर मिठाची बरणी ताटाशेजारी आदळायची, पण तोंड उघडायचं नाही. या खेळात बाबा आणि दादा दोघेही पट्टीचे.

त्यांचा शेवटचा अबोला लागला तो दादानं कायम झालेली सरकारी नोकरी सोडून एका कॉम्प्युटर कंपनीत जायचं ठरवलं तेव्हा. आमच्या सात पिढ्यांत सरकारी खुर्चीत बसलेले पहिले बाबा. तिथवर पोचायला त्यांनी काय काय सोसलं ते आम्हा दोघांना पाठ होतं. “या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही,” बाबा म्हणाले. “पाऊलही ठेवणार नाही आणि तोंडही उघडणार नाही,” दादा म्हणाला आणि गेला. पुढच्या रविवारी बाबांनी हॉलमधलं लोखंडी कपाट एकट्यानं ओढत पॅसेजमध्ये आणलं आणि दादाच्या खोलीच्या दारासमोर उभं केलं. फरशीवर उठलेले ओरखडे आई रोज पुसायची, जणू ते पुसून जाणार होते.

पुढे दोन वर्षं तो कुठल्या गावी आहे हेही आम्हाला कळलं नाही.

मला तोवर कोथरूडमध्येच नोकरी लागली होती. दोन हजार साल उजाडलं की सगळी मशिनं बंद पडणार, या धास्तीनं जगानं आपापले जुने प्रोग्राम पुण्याला पाठवले होते आणि आम्ही ते निवडत बसलो होतो. दुपारी एक ते दोन साहेब घरी जेवायला जायचे. तेवढ्या तासात मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर इंटरनेटवरचा एक खेळ खेळायची.

खेळात चित्र नाही, आवाज नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं. ‘तुम्ही विहिरीपाशी उभे आहात. उत्तरेला वाट आहे.’ आपण ‘उत्तर’ टाइप करायचं की आपण उत्तरेला. जगभरातली शेकडो माणसं एकाच वेळी त्या अक्षरांतून हिंडत असायची, एकमेकांशी बोलायची, मारामाऱ्या करायची. माझ्या पात्राचं नाव मी घरात मला ज्या लाडक्या नावानं हाक मारत तेच ठेवलं होतं. परदेशी लोकांना ते राक्षसिणीचं वाटायचं, आणि ते मला आवडायचं.

बरेच महिने टिकलेल्या खेळाडूला तिथे स्वतःचं घर बांधायची परवानगी मिळे. बांधायचं म्हणजे लिहायचं. लोकांनी बुरूज बांधले, गुहा बांधल्या. मी आमचा कोथरूडचा फ्लॅट बांधला. दुसऱ्या मजल्यावरचं दार, हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, स्वयंपाकघरात पाण्याचं पिंप. किल्लीसुद्धा आम्ही खरोखर ठेवतो तिथेच ठेवली, चपलांच्या मांडणीच्या मागे खिळ्याला. पॅसेजपाशी मी थांबले. मग प्रामाणिकपणे लिहिलं, ‘पश्चिमेला कपाट आहे.’ कपाटामागे काहीच लिहिलं नाही.

घरमालकाला एक सोय होती. आपल्या घरात कोण आलं, त्यानं काय टाइप केलं, ते दिसायचं. येणारे बापडे किल्लीसाठी पायपुसणं उचलत, कुंडी फोडत आणि कंटाळून निघून जात. एका सोमवारी एक जण आला. नाव म्हणजे अर्थ नसलेली पाच अक्षरं. त्यानं काही शोधलं नाही. सरळ मांडणीमागची किल्ली काढली, दार उघडलं, पॅसेजमध्ये आला आणि टाइप केलं, ‘पश्चिम.’

‘तिकडे जाता येत नाही,’ खेळानं सांगितलं.

‘पश्चिम,’ त्यानं पुन्हा टाइप केलं. असं सात वेळा. मग दोन वाजेपर्यंत नुसता उभा राहिला.

किल्ली कुठे असते हे याला कसं ठाऊक? खरी किल्लीही त्याच खिळ्याला होती आणि दुपारी घरी आई एकटी असायची. मी ऑफिसातून फोन करून तिला किल्ली आत घ्यायला सांगितलं. ती म्हणाली, “का गं? इतकी वर्षं तिथेच तर असते.”

मंगळवारी तो आला. बुधवारीही. मग रोजच. तेच दार, तोच पॅसेज, तोच एक शब्द. मी त्याला इंग्रजीत विचारलं, मग रोमन अक्षरांतल्या मराठीत, “कोण आपण? काय हवंय?” तो काहीच बोलला नाही. समोरच्याच्या हातात काय आहे हे पाहायला तिथे एक शब्द पुरतो. तो शब्द मी टाइप केला नाही.

त्याच आठवड्यात घरी संध्याकाळी सातला फोन येऊ लागले. उचलला की पलीकडे कोणी बोलायचं नाही. मी उचलला तर लगेच ठेवला जाई. आईनं उचलला तर ती मिनिटभर रिसीव्हर कानाला लावून उभी राही.

“ठेव ना गं,” मी एकदा ओरडलेच. “कुणीतरी हलकट असेल.”

“असू दे,” आई म्हणाली. “बोलत नाही, पण आहे.”

शुक्रवारी मी खेळाच्या नियंत्रकांकडे तक्रार केली. हा माणूस माझ्या घरावर पाळत ठेवतोय, असं लिहिलं आणि पाच दिवसांची नोंद सोबत जोडली. त्यांनी अर्ध्या तासात त्याला काढून टाकलं, तेही कायमचं. नाव पुसलं आणि तो ज्या मशीनवरून यायचा तेही बंद. मला इतकं हायसं वाटलं की मी कॅन्टीनमध्ये जाऊन दोन वडे खाल्ले.

हाकललेल्या माणसाकडच्या वस्तू तो शेवटी उभा असेल तिथे पडतात, अशी तिथली रीत. परत आल्यावर मी त्या उचलायला पॅसेजमध्ये गेले. एकच वस्तू होती. सायकलची घंटी. मी तिच्यावरचा मजकूर उघडला. रोमन अक्षरांत मराठी वाक्य होतं: ‘दोनदा वाजवली की दार उघडतं.’

दादाला यायला उशीर झाला की तो खालून सायकलची घंटी दोनदा वाजवायचा. बाबांना कळायच्या आत मी जाऊन हळूच कडी काढायची. हे आम्हा दोघांखेरीज जगात कुणालाही माहीत नव्हतं.

मी नियंत्रकांना लिहिलं, तो माझा भाऊ आहे. उत्तर आलं, असं सगळेच म्हणतात. मी कपाट पुसून टाकलं, पश्चिमेला खोली लिहिली, खिडकी लिहिली, त्याची कॉट लिहिली, घंटी खिडकीत ठेवली. रोज एक ते दोन मी तिथे उभी राहायची. बाबांनी लावलेलं कपाट निदान सरकवता तरी येत होतं. मी जे केलं ते मला उलटं करता येत नव्हतं. त्याला वाटलं असेल, घरानं उत्तर दिलं.

संध्याकाळचे फोनही त्या शुक्रवारपासून बंद झाले. आई सात वाजले की फोनजवळ स्टूल ओढून मटार सोलत बसायची. आठवड्यानं तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, “लाइन बिघडलीय का गं?”

मी रिसीव्हर उचलून कानाला लावला. डायल टोन स्वच्छ येत होता.

“हो,” मी म्हणाले. “उद्या तक्रार करते.”