नायलॉनची साडी आणि सात आकडे

काल साताऱ्यात गाण्याचा कार्यक्रम होता. नेसायचं काय, म्हणून मी तासभर कपाटापुढे उभी... सून म्हणाली, "आई, गाणं ऐकायला चाललाय ना? तुम्हाला कोण बघतंय?" आता तिला काय सांगू!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, सासर फलटणजवळच्या खेड्यात. आमचे हे फौजेत. सुट्टीवर येताना कँटीनमधून माझ्यासाठी गुलाबी नायलॉनची साडी घेऊन आले... पण भरल्या घरात ती नेसणार कधी? सुट्टीचे चारच दिवस उरले, तरी साडी आपली ट्रंकेत.

अशात साताऱ्यातल्या गाण्याचे पास मिळाले. दुपारचा कार्यक्रम. नवी सून नवऱ्याबरोबर एकटी कशी जाणार, म्हणून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सोबत निघाल्या.

त्यांनी स्वतःचं इरकल माझ्यापुढे ठेवलं. "ह्ये नेस. नायलॉनचा पदर डोक्यावर ठरत न्हाई. चार मान्सांत डोकं उघडं पडलं म्हंजे?"

खरंच होतं ते. सुनेच्या डोक्यावरचा पदर ढळला की घराची अब्रूच गेली, असा तो काळ. पण यांनी मला त्या साडीत एकदा तरी बघावं, एवढंच माझ्या मनात होतं... मी पदर दुहेरी घेतला आणि सात आकडे लावून केसांना पक्का केला, अगदी कानांवरून. आत्याबाईंनी इरकल घडी करून परत ठेवलं.

हॉलमध्ये बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. गाणं सुरू झालं आणि माझी जी फजिती झाली! सगळं वाकळेतून ऐकल्यासारखं. मान वळवली की आकडे टोचायचे. रडूच यायला लागलं... हौसेनं आले आणि धड ऐकूही येईना.

शेजारी बघते तर आत्याबाईंनी आपला पदर हळूच कानामागे सारलेला. मग तो खांद्यावरच आला. त्यांचं उघडं डोकं मी घरातसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्या माझे आकडे एकेक करून काढायला लागल्या. "गानं ऐकाया आलीस का डोकं सांभाळाया? आन् त्यो बघ, कवाधरनं हिकडंच बघतोय. बघू दे की त्याला बी."

मी लाजून खाली बघितलं, पण गाणं मात्र पोटभर ऐकलं.

परतताना गावाची वेस दिसली तसे त्यांनी मुठीतले सातही आकडे माझ्या हातावर ठेवले. दोघींनी पदर घेतले. घरी जाऊबाईंनी विचारलंच, नायलॉनचा पदर ठरला का म्हणून. आत्याबाई म्हणाल्या, "ठरला की. लय झ्याक ठरला."

काल मी तीच गुलाबी साडी नेसून गेले... नायलॉनला काय होतंय! डोक्यावर पदर घ्यायची चाल आमच्या घरातून केव्हाच गेली. तरी गाणं सुरू झालं आणि माझा हात आपसूक कानाशी गेला, पदर सारायला.

आत्याबाई, ऐकू येतंय हो... सगळं ऐकू येतंय.